पाठीवरची खूण

धनगराला आपल्या कळपातली प्रत्येक मेंढी वेगळी ओळखू येते. आपल्याला मात्र सगळ्या सारख्याच दिसतात. ‘किलर व्हेल’ म्हणजेच ओर्का या प्राण्याच्या बाबतीत पन्नास-साठ वर्षांपूर्वी जवळजवळ साऱ्या जगाचे असेच झाले होते. नावात व्हेल असले तरी याचे कूळ डॉल्फिनचे. काळे-पांढरे अंग, पाठीवर उंच उभा पर. सगळे एकसारखे आणि सगळेच भयंकर! कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी त्यांच्यावर बंदुका झाडत. पुढे मत्स्यालयांकडून मागणी आली आणि जाळी टाकून पिल्ले पकडण्याचा धंदाच सुरू झाला. समुद्रात हजारो आहेत, त्यातली थोडी नेली तर बिघडले कुठे, असा हिशेब होता.

हा हिशेब तपासण्याचे काम कॅनडा सरकारने मायकेल बिग या तरुण शास्त्रज्ञाकडे सोपवले. जुलै १९७१ मध्ये एक दिवस ठरवून त्यांनी कोळी, दीपगृहांचे रखवालदार, बोटवाले अशा सर्वांना छापील प्रश्नावली दिली आणि दिसतील तेवढे ओर्का मोजायला लावले. उत्तर आले ते धक्कादायक होते. हजारो नव्हेत, अवघे काही शे!

पण एकच प्राणी दोनदा मोजला गेला नाही कशावरून? याचे उत्तर एका अपंग मादीने दिले. तिचा पर जवळजवळ तुटलेला होता, त्यामुळे ती पुन्हा दिसली की लगेच ओळखू येई. मग छायाचित्रे मोठी करून पाहताना बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की प्रत्येक ओर्काच्या अंगावर अशी काही ना काही खूण असतेच. कुणाच्या पराला खाच, कुणाला ओरखडा. शिवाय परामागे खोगिरासारखा एक राखाडी पट्टा असतो. तो आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा ज्याचा त्याचा वेगळा! सुरुवातीला अनेकांना हे पटेना. पण फोटोंचा संग्रह वाढत गेला, प्रत्येकाला अक्षर आणि क्रमांक मिळाला आणि हळूहळू त्यातून चक्क घराणीच उभी राहिली.

या घराण्यांत वडीलकी आईकडे. मासे खाणाऱ्या ओर्कांमध्ये लेक मोठा झाला तरी जन्मभर आईच्याच सोबत राहतो. सील मारून खाणारे ओर्का निराळे. ते यांच्यात मिसळतच नाहीत. आणखी एक गोष्ट कळली ती मात्र क्लेशाची होती. पकडून नेलेली बहुतेक पिल्ले दक्षिणेकडच्या एकाच लहानशा समूहातली होती. तो समूह आजही पाऊणशेच्या आसपासच अडखळला आहे.

या ओळखपत्रांचा खरा उपयोग २००२ साली दिसला. अमेरिकेत सिएटल शहराजवळ एक दोन वर्षांचे ओर्काचे पिल्लू एकटेच भटकताना आढळले. हडकलेले, आजारी, बोटींच्या मागे लागणारे. हे कुणाचे? त्याच्या हाका ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्या उत्तरेकडच्या घराण्याच्या निघाल्या. मग डोळ्यामागचा पांढरा डाग जुन्या फोटोंशी ताडून पाहिला आणि खूण पटली. ही ‘ए-७३’, स्प्रिंगर! तिची आई दिसेनाशी झाली होती. स्प्रिंगरला पकडून औषधपाणी केले आणि जुलैमध्ये वेगवान बोटीतून व्हँकुव्हर बेटालगतच्या जॉनस्टन सामुद्रधुनीत, म्हणजे तिच्या माहेरच्या पाण्यात, नेऊन सोडले. काही दिवसांतच ती आपल्या नातलगांबरोबर पोहू लागली. ज्या किनाऱ्यावर एके काळी पिल्लांना घरापासून तोडण्यासाठी जाळी पडत, तिथेच एका पिल्लाला घरी पोचवण्यासाठी माणसे धडपडली.

हे पाहायला बिग नव्हते. १९९० मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सीलची शिकार करणारे ओर्का आता त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आणि स्प्रिंगर? २०१३ साली ती पुन्हा दिसली, तेव्हा तिच्या कुशीला लागून तिचे स्वतःचे पिल्लू पोहत होते.