तपास वेगळा, तपासणी वेगळी

फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारी मुलगी इंग्रजीत 'आय अ‍ॅम लर्निंग जर्मन' म्हणते, ते बरोबर असतं. तिचा धाकटा भाऊ 'आय अ‍ॅम लर्निंग इन टेन्थ' म्हणतो, तिथे मात्र गडबड होते. मराठीत दोघंही शिकतातच. 'मी दहावीत शिकतो' हे अस्सल मराठी वाक्य आहे, म्हणून ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत जातं आणि फसतं. शाळा, कॉलेज, इयत्ता यांच्याबरोबर इंग्रजीला 'स्टडी' लागतं.

यावर शिकवणीत एक सोपा नियम सांगतात: 'स्टडी' म्हणजे पुस्तकी, 'लर्न' म्हणजे व्यवहारी. हा नियम अर्धाच खरा आहे. इतिहास 'लर्न' करता येतो आणि समोरच्याचा चेहराही 'स्टडी' करता येतो, म्हणजे निरखता येतो. खरा फरक कष्ट आणि फळ यांतला आहे. 'दोन तास अभ्यास केला, पण डोक्यात काही शिरलं नाही' या वाक्यातला अभ्यास म्हणजे 'स्टडी' आणि न शिरलेलं ते 'लर्न'. मी एक कसोटी वापरतो. ज्याच्या शेवटी 'आता येतं' म्हणता येईल, तिथे 'लर्न': पोहणं, गाडी चालवणं, पाढे. 'लर्न'चा आणखी एक अर्थ आपण विसरतोच. 'त्यानं राजीनामा दिल्याचं मला कळलं' यातलं कळणंही 'लर्न'च.

दुसरा गैरसमज जास्त पक्का आहे. मराठीत सगळ्याला 'तपासणे' हे एकच क्रियापद, इंग्रजीत मात्र 'एक्झॅमिन', 'इन्स्पेक्ट', 'इन्व्हेस्टिगेट', 'सर्व्हे', 'चेक' अशी श्रीमंती, असं चांगले शिकलेले लोकही म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. आपण हे फरक रोज अचूक करतो, फक्त क्रियापदात न करता नामात करतो. खुनाचा तपास होतो, लिफ्टची तपासणी होते. उमेदवारी अर्जांची छाननी होते, जातीच्या दाखल्याची पडताळणी होते, नाटकाचं परीक्षण होतं. खुनाची तपासणी झाली असं कुणी म्हणालं, तर आपल्याला लगेच खटकतं. तेच कान इंग्रजीला लावायचे. तपास म्हणजे 'इन्व्हेस्टिगेट', तपासणी म्हणजे 'इन्स्पेक्ट', छाननी म्हणजे 'स्क्रूटिनाइज', पडताळणी म्हणजे 'व्हेरिफाय'.

'इन्व्हेस्टिगेट'च्या पोटात पाऊलखूण या अर्थाचा लॅटिन शब्द दडलेला आहे. माग काढणं म्हणतो, ते नेमकं हेच. 'इन्स्पेक्ट'मध्ये आत डोकावून पाहणं आहे, आणि हातात बहुधा नियमांची यादी असते. पूर्वी शाळेत दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर यायचे, ते या कामासाठी. (गंमत म्हणजे आपला पोलीस निरीक्षक हुद्द्यानं 'इन्स्पेक्टर', पण दिवसभर करतो ते 'इन्व्हेस्टिगेट'.) 'एक्झॅमिन' मात्र तराजूच्या काट्यावरून आलं आहे. म्हणून डॉक्टर रुग्णाला 'एक्झॅमिन' करतात, म्हणजे लक्षणं तोलून पाहतात. रक्तदाब तेवढा 'चेक' करतात.

'सर्व्हे' म्हणजे मुळात वरून पाहणं. पुणेकराला तो शब्द पत्त्यातून माहीत असतो: सर्व्हे नंबर अमुक, कोथरूड. हे नंबर जमिनीच्या मोजणीतून आले. मुंबई इलाख्यातल्या गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गाजलेल्या महसुली मोजणीची सुरुवात १८३६ मध्ये झाली, तीही पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. एका शेतातलं पीक पाहिलं, तर तो 'सर्व्हे' होत नाही. सगळा पट्टा नजरेखाली घालावा लागतो.

अर्थ नामात ठेवण्याच्या या सवयीतून आणखी एक चूक होते. आपण 'प्रकरणाचा तपास करतो', 'विषयाचा अभ्यास करतो'. तो 'चा' इंग्रजीत कुठेतरी बसवायचा म्हणून 'स्टडी अबाउट', 'इन्व्हेस्टिगेट इन्टू' तयार होतं. इंग्रजीत ही क्रियापदं थेट कर्म घेतात, मधे काही लागत नाही. 'इन्टू' शोभतं ते 'इन्व्हेस्टिगेशन' या नामापुढे.

'रिसर्च' हल्ली फार स्वस्त झाला आहे. हॉटेल निवडण्याआधी दहा मिनिटं फोन चाळला की 'रिसर्च केला'. इंग्रजीत हे चालतं, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. पण त्याचं भाषांतर 'संशोधन' करू नये. संशोधनात शुद्ध करण्याचा धातू आहे. भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं ताडून, प्रक्षिप्त भाग बाजूला काढून पाठ निश्चित करणं, हे त्या शब्दाचं मूळ काम.

राहिली परीक्षा. आपण ती देतो, शिक्षक घेतात. इंग्रजीत विद्यार्थी ती घेतो, म्हणजे 'टेक' करतो किंवा नुसता 'सिट' करतो, आणि 'गिव्ह' करतात ते शिक्षक. 'आय गेव्ह माय एक्झाम' हे आपल्या देशात सर्वांना समजतं. लंडनमध्ये मात्र एखादा सहज विचारेल, मग किती मुलं नापास केलीत?