आभासी डिस्क वाढली, जागा मात्र तेवढीच!

छपाईच्या व्यवसायातील एखाद्या कार्यालयात नवा, वेगवान संगणक असतो. पण त्याच्या पडद्यावरील एका चौकटीत विंडोज एक्सपी चालू असते. पेजमेकरमध्ये मांडलेली जुनी पुस्तके, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील मजकूर आणि ते फॉन्ट चालवणारी सॉफ्टवेअर हे सारे त्या चौकटीत सांभाळून ठेवलेले असते. पेजमेकरची ७.० ही अखेरची आवृत्ती २००१ मध्ये आली. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. जुनी कामे नव्या यंत्रणेवर नीट चालतीलच याची खात्री नसल्याने संगणकाच्या पोटात दुसरा संगणक ठेवावा लागतो. यालाच व्हर्च्युअल मशिन अर्थात आभासी संगणक म्हणतात.

एके दिवशी त्या चौकटीत डिस्कवरील जागा संपत आल्याची सूचना झळकते. बाहेरच्या संगणकावर शेकडो जीबी मोकळे असतात. त्यामुळे आभासी डिस्कचा आकार २० जीबीवरून ४० जीबी केला जातो. आभासी संगणक पुन्हा सुरू होतो आणि सी ड्राइव्ह मात्र पूर्वीसारखाच २० जीबी दिसतो. वापरकर्ता गोंधळतो आणि येथूनच चुकांना प्रारंभ होतो. कोणी पुन्हा आकार वाढवतो, कोणी घाईने पार्टिशन पुसतो, तर कोणी जुन्या स्नॅपशॉटवर परत जातो. वास्तविक बिघाड काहीच झालेला नसतो. तीन कामांपैकी केवळ पहिले झालेले असते.

एक फाइल, तीन थर

आभासी संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे मूळ संगणकावरील एक मोठी फाइल होय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती बहुधा व्हीडीआय प्रकारची असते, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९७२ मधील व्हीएम/३७० या प्रणालीत मोठ्या संगणकाच्या एका डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र ‘मिनिडिस्क’ दिली जात असे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये आल्यावर ही सोय टेबलावरील संगणकापर्यंत पोचली.

या फाइलच्या आत आणखी दोन थर असतात. डिस्कचा कोणता भाग कोणत्या ड्राइव्हचा, याच्या सीमा पार्टिशन ठरवते. त्या सीमेच्या आत कोणती फाइल कोठे आहे आणि कोणती जागा रिकामी आहे, याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. विंडोजमध्ये ती बहुधा एनटीएफएस असते. लिनक्समध्ये एक्स्ट४ किंवा एक्सएफएस.

गोदामाचे उदाहरण घेतले तर हे सहज ध्यानात येते. गोदामाशेजारचा भूखंड विकत घेतला म्हणून आत अधिक माल मावत नाही. त्यासाठी भिंत पुढे सरकवावी लागते आणि नव्या जागेची नोंद गोदामपालाच्या वहीत करावी लागते. आभासी डिस्कचा आकार वाढवणे म्हणजे केवळ भूखंड घेणे. भिंत म्हणजे पार्टिशन आणि वही म्हणजे फाइल सिस्टिम. हा क्रम बाहेरून आत असाच असावा लागतो.

आधी प्रत, मग बदल

कोणताही आकडा बदलण्यापूर्वी आभासी संगणक पूर्णपणे बंद करून त्याच्या डिस्क-फाइलची प्रत दुसऱ्या, शक्यतो बाहेरच्या हार्ड डिस्कवर करून ठेवणे आवश्यक आहे. संपूर्ण संगणक एका फाइलमध्ये सामावलेला असणे हा आभासी संगणकाचा मोठा लाभ. कारण एका प्रतीत सर्व काही येते. पण हाच त्याचा धोकाही आहे. ती एक फाइल बिघडली, तर सर्व काही जाते. स्नॅपशॉट असतील, तर एकच फाइल न उचलता आभासी संगणकाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी.

येथे स्नॅपशॉटविषयीचा एक गैरसमज दूर व्हायला हवा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्क-फाइल गोठवली जाते आणि त्यानंतरचे सर्व बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. दोन्ही फाइली मिळूनच आजची डिस्क तयार होते. अशा स्थितीत केवळ मूळ फाइलचा आकार वाढवला, तर दोघींचा मेळ बसत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालू संगणकाला जुनाच आकार दिसत राहतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये स्नॅपशॉट असताना आकार वाढवण्याची सोयच उपलब्ध होत नाही.

म्हणून आधी स्नॅपशॉट काढून टाकावे लागतात. ‘डिलीट’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन शब्दांतील फरक या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. स्नॅपशॉट डिलीट केल्यास नंतरचे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात आणि आजचे काम शाबूत राहते. रिस्टोअर केल्यास मात्र संगणक जुन्या दिवसावर जातो आणि त्यानंतरचे काम नाहीसे होते. नावाने भीतिदायक वाटणारा पर्याय येथे सुरक्षित आहे, तर आश्वासक वाटणारा पर्याय घातक.

पहिला टप्पा : भूखंड वाढवणे

व्हर्च्युअलबॉक्समध्ये आकार वाढवण्याची सोय डिसेंबर २०१० मधील ४.० या आवृत्तीपासून आली. प्रारंभी ती व्हीबॉक्समॅनेज या आज्ञावलीतूनच वापरावी लागे. २०१७ मधील ५.२ या आवृत्तीपासून व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये पट्टी सरकवूनही आकार बदलता येतो. आज्ञा लिहून काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आकडा मेगाबाइटमध्ये द्यायचा असतो आणि तो वाढीचा नसून नव्या एकूण आकाराचा असतो. म्हणजेच २० जीबीची डिस्क ४० जीबी करायची असेल, तर ४०९६० हा आकडा लिहावा लागतो.

हायपर-व्हीमध्ये जुन्या व्हीएचडी प्रकाराची मर्यादा सुमारे २ टीबी आहे. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर आलेल्या व्हीएचडीएक्सने ती ६४ टीबीपर्यंत नेली. आतील डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असेल, तर ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने तिलाही २ टीबीचीच मर्यादा असते. त्यापुढे जीपीटी ही पद्धत लागते.

दुसरा आणि तिसरा टप्पा : भिंत आणि वही

विंडोजमध्ये हे दोन टप्पे बहुधा एकत्रच पार पडतात. विस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर वाढलेली जागा ‘अनअलोकेटेड’ या नावाने, सी ड्राइव्हच्या उजवीकडे दिसते. सी ड्राइव्हवर उजवी कळ दाबून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निवडले की पार्टिशन आणि फाइल सिस्टिम दोन्ही वाढतात.

मात्र हा पर्याय अनेकदा फिकट दिसतो. याचे कारण म्हणजे मोकळी जागा सी ड्राइव्हला अगदी लागून असावी लागते. विंडोज १० आणि ११ मध्ये बऱ्याचदा सी ड्राइव्हच्या पुढे दुरुस्तीसाठी राखलेले छोटे रिकव्हरी पार्टिशन असते. ते मधे आल्याने सी ड्राइव्हला पुढे सरकता येत नाही. अशा वेळी ते पुसण्यापेक्षा जीपार्टेड या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कच्या शेवटाकडे सरकवणे अधिक श्रेयस्कर.

एक्सपीची अडचण वेगळी आहे. त्यातील डिस्कपार्ट हे साधन अन्य ड्राइव्ह वाढवू शकते. परंतु ज्यावरून विंडोज सुरू होते, तो ड्राइव्ह वाढवू शकत नाही. येथेही जीपार्टेड उपयोगी पडते. त्याच्या लाइव्ह आवृत्तीची आयएसओ फाइल आभासी सीडी म्हणून जोडावी, त्यावरून आभासी संगणक सुरू करावा आणि पार्टिशन उजवीकडे ताणून बदल लागू करावा. नंतर एक्सपी प्रथम सुरू होताना डिस्कची तपासणी चालू झाल्यास घाबरू नये. ती पूर्ण होऊ द्यावी. विंडोज ८ आणि पुढील आवृत्त्यांत ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर संगणक बंद केल्यावरही तो अर्धवट निद्रेत असतो. म्हणून जीपार्टेड वापरण्यापूर्वी ती सोय बंद करावी.

लिनक्समध्ये तिन्ही थर ठळकपणे वेगळे दिसतात. ग्रोपार्ट ही आज्ञा पार्टिशन वाढवते. त्यानंतर एक्स्ट४ साठी रिसाइझ२एफएस आणि एक्सएफएससाठी एक्सएफएस-ग्रोएफएस ही आज्ञा द्यावी लागते. एलव्हीएम ही रचना असल्यास मधे आणखी एक थर येतो. ही कामे बहुधा संगणक चालू असतानाच करता येतात.

कागदावरची जागा आणि खरी जागा

आभासी डिस्क बहुतेक वेळा ‘डायनॅमिक’ प्रकारची असते. तिला १०० जीबी दिले, तरी मूळ संगणकावर ती वापराएवढीच जागा घेते आणि गरजेप्रमाणे फुगत जाते. त्यामुळे २५० जीबीच्या डिस्कवर प्रत्येकी २०० जीबीचे दोन आभासी संगणक सहज तयार होतात. हिशेब कागदावर जुळतो. परंतु दोन्ही भरू लागले की मूळ डिस्कच संपते. मग काम चालू असतानाच आभासी संगणक थबकतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल धोक्यात येते. म्हणून आकार वाढवण्याआधी बाहेर खरोखर किती जागा मोकळी आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

याची दुसरी बाजू अशी, की आतील फाइली पुसल्या तरी बाहेरची डिस्क-फाइल सहसा आपोआप आक्रसत नाही. तिच्या आतील रिकामी जागा शून्याने भरून ‘कॉम्पॅक्ट’ ही वेगळी प्रक्रिया करावी लागते. डिस्कचा ठरवलेला कमाल आकार घटवणे तर त्याहून अवघड आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तशी सोय नाही. वाढवणे सोपे आणि घटवणे कठीण असल्याने गरजेपुरतीच वाढ करावी.

क्लाउडमध्येही तोच नियम

ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले. तेथील ईबीएस डिस्क संगणक चालू असताना वाढवण्याची सोय फेब्रुवारी २०१७ मध्ये आली. तेथेही आकार वाढवल्यानंतर पार्टिशन आणि फाइल सिस्टिम ही दोन कामे वापरकर्त्यालाच करावी लागतात आणि डिस्क परत लहान करता येत नाही. भाडे वापरलेल्या जागेचे नव्हे, तर घेतलेल्या जागेचे आकारले जाते. आतली दोन कामे विसरणारा ग्राहक न वापरलेल्या जागेचे पैसे दरमहा भरत राहतो.

वाढवावी की दुसरी जोडावी?

प्रत्येक वेळी सी ड्राइव्ह वाढवण्याची आवश्यकता नसते. जागा कामाच्या फाइलींनी भरली असेल, तर आभासी संगणकाला दुसरी आभासी डिस्क जोडून फाइली तिच्यावर हलवणे हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. जुन्या पार्टिशनला हातच लागत नाही. सॉफ्टवेअर आणि विंडोज यांनीच जागा व्यापली असेल, तेव्हाच मूळ डिस्क वाढवणे योग्य.

काम झाल्यावर सी ड्राइव्हचा नवा आकार तपासावा, दोन-चार जुन्या फाइली उघडून पाहाव्यात आणि काही दिवस काम सुरळीत चालल्यावरच आधीची प्रत पुसावी. आभासी संगणकातील डिस्क खरी नसली, तरी तिच्यात साठवलेले अनेक वर्षांचे श्रम खरे असतात. ते परत मांडण्यास लागणाऱ्या महिन्यांच्या तुलनेत प्रत काढण्यास लागणारा तासाभराचा वेळ अगदीच किरकोळ आहे.