वाक्‌संवेदन, मुलांतील दृक्-श्राव्य
बोलणाऱ्याचे शब्द ऐकत असताना त्याच्या ओठांच्या व जबड्याच्या दिसणाऱ्या हालचालींचाही आधार घेऊन भाषाध्वनी ओळखण्याची मुलांमधील प्रक्रिया. उच्चार कळणे हे केवळ कानाचे काम होय, ही रूढ समजूत अपुरी आहे.

कान व डोळा यांची माहिती परस्परपूरक असते. ‘माळ’ व ‘नाळ’ हे शब्द गोंगाटात सहज सारखे वाटतात. परंतु ‘म’ उच्चारताना ओठ मिटतात, ‘न’ उच्चारताना मिटत नाहीत, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. याउलट प, ब, म हे वर्ण ओठांवर जवळजवळ एकसारखेच दिसतात. त्यांतील भेद कानालाच करावा लागतो. म्हणूनच निव्वळ ओष्ठवाचनाने भाषण पूर्णपणे कळणे दुरापास्त असते.

ह्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडमधील सरे विद्यापीठात हॅरी मगर्क व जॉन मॅक्डॉनल्ड यांनी केला (१९७६). चित्रफितीतील स्त्रीचे ओठ ‘गा-गा’ म्हणत असताना तिच्यावर ‘बा-बा’ हा ध्वनी बसविण्यात आला. प्रौढांपैकी ९८ टक्क्यांना ‘दा-दा’ असे ऐकू आले. डोळे मिटताच मात्र ‘बा-बा’ ऐकू येई. असा संमिश्र प्रतिसाद ३ ते ५ वर्षांच्या मुलांत ८१ टक्के, तर ७-८ वर्षांच्या मुलांत ६४ टक्के आढळला. मधल्या वयातील ही घट चमत्कारिक वाटते व तिच्यावर फार भर देऊ नये. तथापि मुलांवर चेहऱ्याचा प्रभाव प्रौढांपेक्षा कमी पडतो, ह्या निष्कर्षास नंतरच्या अनेक अभ्यासांनी दुजोरा दिला आहे.

ह्या क्षमतेचा पाया मात्र शैशवातच असतो. पट्रिशिया कूल व अँड्रू मेल्टझॉफ यांनी १८ ते २० आठवड्यांच्या अर्भकांना ‘आ’ व ‘ई’ म्हणणारे दोन चेहरे शेजारीशेजारी दाखविले (१९८२). ऐकू येणाऱ्या स्वराशी जुळणाऱ्या चेहऱ्याकडे ती अधिक वेळ पाहत राहिली. पुढील वाढ भाषेवरही अवलंबून असते. सहा वर्षांच्या जपानी व इंग्रजी भाषिक मुलांत हा प्रभाव सारखाच आढळला. आठव्या वर्षी तो इंग्रजी भाषिकांत वाढला होता, जपानी मुलांत नव्हे (२००८).

श्रवणदोष असलेल्या मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न निकडीचा आहे. कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या जन्मबधिर मुलांच्या २००५ मधील एका अभ्यासात, दोन्ही संवेदनांचा सातत्याने मेळ घालू शकणारी मुले प्रामुख्याने अडीच वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेली होती. श्रवणाची सवय लागावी म्हणून काही प्रशिक्षणपद्धतींत शिक्षक स्वतःचे तोंड हाताने झाकतात. मर्यादित सरावापुरते हे योग्य असले, तरी गजबजलेल्या वर्गात चेहरा दिसणे हीच अशा मुलाची मोठी मदत असते. फळ्याकडे तोंड करून किंवा उजेडाच्या खिडकीला पाठ करून बोलणाऱ्या शिक्षकाचे ओठ त्याला दिसत नाहीत. २०२० नंतरच्या कोविड साथीत मुखपट्ट्यांमुळे हीच अडचण निर्माण झाली होती.