बांबूवर संसार चालवायचा तर

नोकरी अचानक गेली, कंत्राट संपलं किंवा घरच्या अडचणीने पुणं सोडून गावी परतावं लागलं, की 'आता आपलंच काही डिझाइनचं काम सुरू करू' हा विचार मनात येतो. अमरावती-अकोल्याकडे असा विचार करणाऱ्यांनी सेमाडोहच्या पुढे एकदा जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. परतवाड्याहून निघालेला रस्ता सिपना नदीकाठच्या सेमाडोहवरून हरिसालमार्गे धारणीकडे जातो. मेळघाटातल्या त्याच धारणी तालुक्यात, लवादा गावात सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने 'संपूर्ण बांबू केंद्र' उभं केलं.

सुनील देशपांडे समाजकार्य शिकलेले. नानाजी देशमुखांच्या चित्रकूटच्या प्रकल्पात त्यांनी काम केलं होतं. बांबूची घरं, दिवे, खुर्च्या हा आयुष्याचा उद्योग होईल, असं त्या शिक्षणात कुठेच नव्हतं. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. काळे यांनी बांबूवर 'वेणू भारती' हा ग्रंथच लिहिला आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात देशपांडे दांपत्य मेळघाटात आलं आणि कोरकू आदिवासी कारागिरांसोबत कामाला लागलं. पुढे कारागिरांची वेणूशिल्पी ही सहकारी संस्थाही झाली.

करिअर बदलणारा माणूस बहुधा समजतो, की जुनं सगळं वाया गेलं, आता शून्यापासून सुरुवात. मला हे पटत नाही. गावात राहणं, माणसं जोडणं, शिकवणं, संस्था चालवणं हे समाजकार्यातलं कसब देशपांडे सोबत घेऊन आले होते. बांबू तर मेळघाटच्या हातांना ठाऊकच होता. कोरकू घरांच्या भिंती बांबूच्या ताट्यांच्या असतात, त्यांवर मातीचा लेप चढतो. सूप, टोपली, डालं विणणारा बुरूड वऱ्हाडात गावोगाव होता. कमी होती ती नव्या गिऱ्हाइकाला लागेल अशा रचनेची, बाजाराशी बोलणाऱ्या माणसाची आणि ठरल्या मापात तीच वस्तू पुन्हा पुन्हा करण्याच्या शिस्तीची. बँकेतून बाहेर पडलेल्याला हिशेब येतो, शिक्षकाला समजावता येतं, छापखान्यात राबलेल्याला वेळेत माल देता येतो. नव्या धंद्याचं पहिलं भांडवल ते आहे.

दुसरं भांडवल म्हणजे मालाची जाण. मेळघाटातला बांबू जातीने जवळजवळ भरीव, म्हणून दणकट. पण कोवळा तोडला किंवा पावसाळ्यात तोडला, की त्यात पिष्ट जास्त असतं आणि भुंगा लागतो. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली रोज पिवळसर भुकटी पडू लागली, की ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. म्हणून तीन वर्षं पुरी झालेला बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवायचा आणि सावलीत वाळवायचा. संगणकावर सुंदर चित्र काढता येतं, पण कामटी किती वाकते आणि पेराजवळ कुठे तडकते, हे हाताने सोलल्याशिवाय कळत नाही. ज्याला डिझायनर म्हणवून घ्यायचंय त्याने आधी कारागिराशेजारी बसून कामट्या काढाव्यात. यात मी कुणालाही सूट देणार नाही.

मग कागदपत्रं. सेमाडोहच्या आसपास डोळ्यांसमोर बांबूची बेटं आहेत, पण हा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथली काडीही उचलता येत नाही. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला गेला. २०११मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला. नव्या उद्योजकासाठी याचा अर्थ इतकाच, की माल शेतकऱ्याच्या बांधावरून किंवा हक्क असलेल्या ग्रामसभेकडून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

सगळ्यात जास्त धंदे बुडतात ते किमतीत. उदाहरणादाखल एक दिवा धरू. दोन दिवसांची मजुरी ५०० रुपयांप्रमाणे १००० रुपये. बांबू, वायर, होल्डर १५० रुपये. पाचात एक दिवा बिघडतो, म्हणजे चार विकाऊ दिव्यांवर पाचांचा खर्च, एकाला साधारण १४४० रुपये. यात रचना करणाऱ्याचा वेळ, वीज, पॅकिंग, नागपूरपर्यंतचं भाडं अजून आलेलंच नाही. तो दिवा '१२०० ला द्या' म्हणून देऊन टाकला, तर तोटा कारागिराच्या मजुरीतून भरून काढला जातो. हस्तकलेच्या कितीतरी उपक्रमांत हेच होतं आणि हा अन्याय आहे. मजुरी आधी ठरवावी, किंमत नंतर. ती किंमत बाजार देत नसेल, तर मजुरी कापण्याऐवजी वस्तू बदलावी.

मेळघाटातल्या बांबूच्या राख्या मला याचमुळे महत्त्वाच्या वाटतात. राखीला बांबू अगदी थोडा लागतो आणि हातकाम भरपूर. पाकिटात घालून ती टपालाने कुठेही जाते, बाया घरी बसून करू शकतात. खुर्ची धारणीहून मुंबईला पाठवायची तर भाडंच जीव घेतं. पण राखीचा बाजार एका पौर्णिमेपुरता असतो, म्हणजे पैसा महिनोनमहिने आधी गुंतून पडतो.

या अडकलेल्या पैशासाठी थोडा सरकारी आधार आहे. छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी मोफत होते. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत टोपली आणि चटई विणणारे येतात. त्यांना अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. रचना खरोखर नवी असेल, तर २०००च्या डिझाइन कायद्याखाली ती नोंदवता येते. संरक्षण १० वर्षांचं असतं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. मात्र ही नोंदणी वस्तू प्रदर्शनात मांडण्याआधी करावी लागते.

सुनील देशपांडे २०२१च्या मे महिन्यात कोरोनाने गेले. त्यांनी आणि निरुपमाताईंनी जे उभं केलं, त्याला टाळ्या पुष्कळ मिळाल्या. कारागिराला त्याहून जास्त गरज वेळेवर आलेल्या मागणीची असते. कार्यालयं, शाळा, महिला मंडळं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं यांनी राख्या आणि भेटवस्तूंची मागणी श्रावणाच्या तोंडावर न करता उन्हाळ्यातच नोंदवावी, आणि निम्मी रक्कम त्याच वेळी द्यावी.