अंबाडी यावी, बलुते नको!

मोठ्या शहरांतून सध्या 'हेम्प'च्या कापडाचा बोलबाला आहे. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचे, पण नशेचा अंश नगण्य असलेले झाड. त्याच्या सालीच्या धाग्याचा सदरा पर्यावरणाचे रक्षण करतो, असे सांगून चढ्या भावाने विकला जातो. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय भांगेचे झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. धाग्यासाठी परवाना देण्याची वाट मात्र त्याच कायद्यात आहे, आणि 2018 साली उत्तराखंडने ती खुली केली.

माढ्याच्या माणसाला अशा परवान्याची गरज नाही. ज्वारी-तुरीच्या ओळींत पेरली जाणारी आमची अंबाडी इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणूनच ओळखली जाते. ती पावसावर येते आणि चार-पाच महिन्यांत कापणीला येते. याच तालुक्यात भीमेवर उजनी धरण आहे, आणि त्याचे पाणी वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहणारा ऊस पितो. साखरेच्या काही पोत्यांसाठी ताग सक्तीचा करणारा कायदा 1987 पासून आहे. पण तागाच्या बहुतेक गिरण्या बंगालात! तेव्हा जिरायत रानात अंबाडी परत यावी, तिची पोती, पिशव्या, कापसात मिसळून जाड कापड सोलापूर जिल्ह्यातच व्हावे, या म्हणण्यात तथ्य आहे.

पण आमचा प्रश्न पुढचा आहे. हा धागा आजवर कोणी काढला?

अंबाडीच्या पेंढ्या दहा-पंधरा दिवस डबक्यात कुजत घालायच्या आणि त्या कुजक्या पाण्यात उभे राहून साल सोलायची. घायपाताची पाने ठेचून वाख काढायचा, तर त्याच्या रसाने हातांची आग होते. कासरा, दावे, नाडा, शिंके वळण्याचे काम गावगाड्याने मातंग समाजाच्या माथी मारले. मोबदला काय? खळ्यावरचे मूठभर धान्य. बैलाच्या गळ्यात दोर त्याने वळलेला, पण बैल त्याचा नाही आणि शेतही त्याचे नाही. पुढे नायलॉनचा दोर आला आणि हा धंदा बसला. धंदा गेला, पण त्याच्या बदल्यात जमीन मिळाली नाही.

त्या बलुत्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते माणसाला जन्माने चिकटलेल्या कामातून सोडवण्यासाठीच. आता 'पारंपरिक कारागीर' अशी गोड पाटी लावून त्याच माणसाला त्याच डबक्यात कोणी उभे करणार असेल, तर ते पर्यावरण आम्हाला मान्य नाही. पीक सेंद्रिय, पण कुजवणीचे घाण पाणी ओढ्यात आणि मजुराचे पाय त्या पाण्यात, याला जबाबदार उत्पादन कसे म्हणायचे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना 2004 पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तिची तरतूद आहे. 2018 पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. ती कागदावरून माढ्याच्या रानात उतरली पाहिजे. साल काढण्याच्या यंत्राला 1985 साली स्थापन झालेल्या अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाने भांडवल द्यावे. कुजवणीसाठी बांधीव हौद असावेत, त्यांतले पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडावे. मजुरी रोखीने मिळावी. आणि हे काम करायचे की नाही, हे करणाऱ्याने ठरवावे, त्याच्या जातीने नव्हे.

बांधवांनो, अंबाडीची योजना घेऊन उद्या कोणी गावात आले, तर सर्वांत आधी एकच विचारा : सातबारा कोणाच्या नावावर, आणि यंत्र कोणाच्या मालकीचे? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय एकही पेंढी पाण्यात घालू नका.