आधी घर, मग रस्ता

दुर्ग आणि भिलाई या जुळ्या नगरांतील पद्मनाभपुरातून सायकलीवर निघालेला मनुष्य राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडारा असा पश्चिमेकडे जात राहिला, तर नागपूर ओलांडून जांबच्या रस्त्याने तो वरोऱ्यास पोहोचतो. आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या या वाटेवर बाघनदीपाशी त्याला जी राज्याची सीमा लागते, ती १९५६ पूर्वी अस्तित्वातच नव्हती. दुर्ग आणि वरोरा ज्यात येई तो चांदा, हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच मुलखात मोडत, त्या मुलखाची राजधानी नागपूर होती, आणि बाबा आमटे यांना कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याजवळची पन्नास एकर खडकाळ जमीन मिळाली तीही त्याच सरकारकडून. आमच्या वसाहतीतील काही तरुण मंडळींनी या हिवाळ्यात याच रस्त्याने सायकलींची एक तुकडी काढावी, परिचितांकडून देणग्या गोळा कराव्यात आणि वाटेतल्या एखाद्या गावी निराधार कुटुंबाचे घर स्वतःच्या हातांनी उभारावे, असा मनसुबा केला आहे. त्यांच्या पहिल्या बैठकीत सायकलींच्या गिअरांवर दोन तास चर्चा झाली आणि घराचा विषय निघाला तो उठता उठता. तेव्हापासून हा क्रम उलटला पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले आणि पूर्वसूरींचा शोध सुरू झाला.

सायकलींच्या अशा यात्रेचा सर्वांत थोर दाखला आपल्याच भाषेच्या मुलखातला आहे. २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून बाबांची ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर आणि पाठीच्या कण्याच्या व्याधीने बसणेही अशक्य झालेले, सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात आडवे, अशा थाटात सुमारे पाच हजार किलोमीटर कापून ती काश्मीरला पोहोचली, आणि पुढे १९८८ मध्ये इटानगरहून ओख्यापर्यंत दुसरी यात्रा निघाली. पंजाब धगधगत असताना निघालेल्या त्या तुकडीचे काम मने सांधण्याचे होते, घरे बांधण्याचे नव्हते; तथापि तिच्या पाठीशी श्रमाची एक दीर्घ तालीम होती. बाबांच्या सोमनाथ प्रकल्पाच्या माळावर साठीच्या दशकाच्या अखेरीपासून दर उन्हाळ्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाविद्यालयीन मुले पहाटे फावडे हाती घेत, आणि त्याआधी पन्नाशीच्या दशकात वरोऱ्याजवळच्या त्याच खडकाळ जमिनीवर वसलेल्या आनंदवनातील रुग्णालयाच्या इमारतींवर देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी घाम गाळला होता.

हे परदेशी स्वयंसेवक ज्या संस्थेचे, त्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचा इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे. पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनजवळील एस्न या खेड्यात १९२० साली त्याने काही मित्रांसह घरे बांधावयास घेतली, आणि त्या मित्रांत शत्रुपक्षाचे, म्हणजे जर्मनीचे, तरुणही होते. गावकऱ्यांच्या जखमा इतक्या ओल्या होत्या की, जर्मनांच्या हातचे साहाय्य त्यांना सहन होईना आणि काही महिन्यांतच छावणी आवरती घ्यावी लागली. ज्याचे घर, त्याच्या मनाचा कौल आधी घ्यावा लागतो, हे सेरेसोल त्या पहिल्याच प्रयत्नात शिकला असावा. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार हादरले, तेव्हा तो हिंदुस्थानात आला आणि मुझफ्फरपूरच्या बाजूस, पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या वस्त्या उंच जागी हलवून नव्याने बांधण्याच्या कामात सहकाऱ्यांसह रमला. त्या आपत्तीत मदत समितीची धुरा राजेंद्रप्रसादांनी वाहिली होती. पंचवीस वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती म्हणून भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन करावयास आले ते हेच राजेंद्रप्रसाद. आमच्या तरुणांनी हा धागा ध्यानात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

सायकल आणि थापी यांची प्रत्यक्ष सांगड मात्र अमेरिकेत घातली गेली. येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात घरबांधणीच्या निधीसाठी समुद्रापासून समुद्रापर्यंत सायकली हाकल्या, आणि त्यातूनच पुढे ‘बाइक अँड बिल्ड’ ही संस्था निघाली. तिच्या तुकड्या वाटेत ठिकठिकाणी उतरून काही दिवस चाके बाजूस ठेवीत आणि बांधकामावर जात. आपल्याकडे २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात जिमी कार्टर यांच्या उपस्थितीत स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरांवर काम केले. अशा झपाट्याच्या बांधकामात पाया आणि जोते आधीच तयार असते, ही गोष्ट छायाचित्रांत दिसत नाही.

आमच्या तुकडीपुढील खरा प्रश्न येथेच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील सपाट प्रदेशात कुटुंबाला घरासाठी १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी मिळते आणि घर बांधण्याची जबाबदारी त्या कुटुंबावरच असते. धडधाकट माणसे असलेले घर हे निभावून नेते. परंतु एकटी विधवा किंवा वृद्ध दांपत्य मजूर कोठून आणणार? तेथे पाहुण्या हातांना जागा आहे. यासाठी आधी गाव ठरवावे, पंचायतीत जाऊन मंजुरीचे कागद आणि जमिनीचा पट्टा पाहावा, मालकिणीला घर कोणत्या तोंडाचे हवे, चूल कोठे हवी, हे तिच्याच तोंडून ऐकावे, गावचाच गवंडी ठरवून त्याची मजुरी चोख द्यावी, आणि मगच नकाशा उघडून मुक्काम मोजावेत. देणग्यांचा जमाखर्च प्रवासाचा वेगळा आणि घराचा वेगळा लिहावा; कारण सिमेंटसाठी दिलेला रुपया टायरवर खर्च झाला, तर देणाऱ्याचा विश्वास पहिल्याच वर्षी संपतो.

मागील महिन्यात मी या मुलांना घेऊन शेजारच्या एका बांधकामावर गेलो. म्हाताऱ्या गवंड्याने प्रथम विटा पाण्याच्या टाकीत बुडवावयास सांगितल्या, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा पोकळ राहतो. मग त्याने दोन टोकांना दोरी ताणली, कोपऱ्याला गुण्या लावला, ओळंबा सोडला आणि थापीने मसाला पसरून एकेक वीट हलकेच ठोकीत बसविली. रोज शंभर किलोमीटर सायकल मारणाऱ्या आमच्या एका पठ्ठ्याने मांडलेल्या तिसऱ्याच थराने ओळ सोडली. गवंड्याने काही न बोलता त्या विटा उचलल्या, पुसल्या आणि पुन्हा त्याच्याच हाती दिल्या. एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा उंच नेऊ नये, नाहीतर खालचा ओला मसाला दबतो, हेही त्यानेच सांगितले. ते ऐकून मुलांनी दोन दिवसांचा मुक्काम सहा दिवसांचा केला.

निघण्यापूर्वी त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो त्या बैठकीच्या वहीत आता सर्वांत वर लिहिलेला आहे. भिंतीवर पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते, ते कोण मारणार? तुकडी तोवर साकोलीच्या पुढे गेलेली असेल. दोन मुलांनी आपली नावे त्या प्रश्नासमोर लिहिली आहेत. ती दोघे वरोऱ्यास येणार नाहीत.