वाचकाचा राग: एका लष्करी प्रेम-रहस्य मालिकेच्या निमित्तानं



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, गोष्ट खोटी आहे हे माहीत असतं, तरी आपण लेखकावर चिडतो, ते का?" जिन्यात उभं राहून देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून आज हा विषय घेतला.

उदाहरण मात्र काहींना विचित्र वाटेल. शेक्सपियर नाही, टॉलस्टॉय नाही. अमेरिकेत 'मिलिटरी रोमँटिक सस्पेन्स' नावाचा कादंबऱ्यांचा एक लोकप्रिय प्रकार आहे. नायक सैन्यातला, बहुधा कमांडो. एका बाजूला अतिरेकी, अपहरण, गुप्त मोहीम; दुसऱ्या बाजूला प्रेम. दोन्ही धागे एकमेकांत विणलेले. या प्रकारातली एक मोठी लेखिका म्हणजे सुझान ब्रॉकमन. तिची 'ट्रबलशूटर्स' ही मालिका 2000 साली 'द अनसंग हीरो' या कादंबरीनं सुरू झाली. आधी अमेरिकी नौदलाच्या 'सील' या कमांडो दलातली माणसं, पुढे त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्यानं निवृत्तीनंतर काढलेली खासगी सुरक्षा कंपनी, असा तिचा पसारा आहे.

मी ही पुस्तकं का वाचली? तर आमच्या घरात भांडण झालं म्हणून. माझी मुलगी अमेरिकेत असते. तिनं ही मालिका आईला लावली. सौभाग्यवती बँकेतून निवृत्त झालेल्या, दुपारी वाचायला वेळ भरपूर. त्या समोरच बसल्या आहेत, त्यामुळे जपून बोलतो. (हशा) तर या मालिकेतलं चौदावं पुस्तक, 2009 सालचं 'डार्क ऑफ नाइट', दोघींनी वाचलं, आणि रविवारच्या फोनवर मायलेकींचं वाजलं. मुलगी म्हणत होती, "लेखिकेनं फसवलं आम्हाला." आई म्हणत होती, "काही फसवलं नाही, तूच नीट वाचलं नाहीस." अर्धा तास! आणि मी मधे तोंड घातलं, "अगं, ती माणसं मुळात आहेत कुठे?" त्या दिवशी मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. मग मी ती पुस्तकं मागून घेतली.

आता कथा सांगतो. ज्यांना मालिका वाचायची असेल त्यांनी पाच मिनिटं कान झाकावेत, कारण शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

2004 साली आलेल्या 'फ्लॅशपॉइंट' या सातव्या पुस्तकात डेकर नावाचा माणूस येतो. पूर्वीचा सील, आता पथकाचा प्रमुख. मितभाषी, कर्तव्यकठोर. कझबेकिस्तान नावाच्या एका काल्पनिक देशात त्याला सोफिया भेटते. तिच्या नवऱ्याचा खून झालेला आहे, ती एका युद्धखोर सरदाराच्या कैदेतून पळालेली आहे, आणि समोरचा माणूस मित्र की शत्रू हे तिला माहीत नाही. त्या पहिल्या भेटीत दोघांमध्ये जे घडतं ते भीतीपोटी, जीव वाचवण्यासाठी घडतं. डेकरला त्याची जन्माची टोचणी लागते. पुढे सोफिया त्याच कंपनीत काम करू लागते. दोघं रोज समोरासमोर, आणि डेकर एक शब्द बोलत नाही. पुस्तकामागून पुस्तक जातं. वाचक वाट बघतोय. याच काळात डेव्ह नावाचा एक साधा, पूर्वी सीआयएमध्ये असलेला सहकारी सोफियावर मनापासून प्रेम करतो आहे, तिचा मित्र म्हणून सोबत राहतो आहे.

आणि चौदाव्या पुस्तकात काय होतं? सोफिया डेव्हची होते. डेकरची जोडी जमते ती ट्रेसीशी, म्हणजे कंपनीच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या मुलीशी. झालं! वाचकांत सरळ दोन तट पडले. एका बाजूला संताप, दुसऱ्या बाजूला समाधान, आणि मधे "कथा रंगली, पण जोड्या पटल्या नाहीत" म्हणणारे.

आता आपला प्रश्न. नसलेल्या माणसांसाठी हा खराखुरा राग कुठून येतो? तत्त्वज्ञानात हा प्रश्न कॉलिन रॅडफर्ड यांनी 1975 साली धारदार केला. ॲना कॅरेनिनाच्या दुर्दैवानं आपण हळहळतो, पण अशी बाई नव्हतीच हे आपल्याला ठाऊक आहे. मग ही हळहळ असंगतच नाही का? केंडल वॉल्टन यांनी 1978 मध्ये वेगळी वाट काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कलाकृती वाचताना-बघताना आपण एका कल्पनेच्या खेळात उतरतो, आणि तिथल्या भावना त्या खेळातल्या असतात. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' म्हटलं, म्हणजे आपण आपणच राहून दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो.

पण बघा, ही सगळी उत्तरं डेकरविषयीच्या भावनेची आहेत. माझ्या मुलीचा राग डेकरवर नव्हताच, लेखिकेवर होता. आणि लेखिका खरी आहे. पुस्तक खरं आहे, त्याला मोजलेले डॉलर खरे आहेत, वाट पाहण्यात गेलेली पाच वर्षं खरी आहेत. म्हणजे वाचकाला खरं-खोटं कळत नाही ही मूळ समजूतच चुकीची. त्याला ते नीट कळतं, म्हणून तो पात्राशी न भांडता लेखिकेशी भांडतो.

बरं, मग हे भांडण मालिकेच्या बाबतीतच इतकं का पेटतं? एकट्या प्रेमकादंबरीत जोडी कोणाची हे मुखपृष्ठामागच्या मजकुरातच कळतं. शेवट गोड होणार हेही ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्या करताना मध्यवर्ती प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशादायक शेवट या दोनच अटी घातल्या आहेत. म्हणजे उत्सुकता 'काय'ची नसते, 'कसं'ची असते. रहस्यकथेत उलट, तिथे 'काय'च लपवायचं असतं. ब्रॉकमननं मालिकेत काय केलं, तर काही जोड्यांचं प्रेम एका पुस्तकात न संपवता अनेक पुस्तकांवर पसरलं. त्यामुळे प्रेमाच्या धाग्यातही 'कोण कोणाचं?' हे रहस्य शिरलं.

याआधी सॅम आणि ॲलिसा या जोडीचं तिनं असंच केलं होतं. दुसऱ्या पुस्तकापासून त्यांना झुलवलं, आणि 2003 साली सहाव्या पुस्तकात, 'गॉन टू फार'मध्ये, एकत्र आणलं. वाचकानं यातून अनुमान काढलं: थांबायला लावते, पण शेवटी देते. तर्कशास्त्रात याला विगमन म्हणतात. बर्ट्रांड रसेलनं 1912 साली एक कोंबडी सांगितली आहे. मालक रोज दाणे टाकतो, म्हणून कोंबडीला वाटतं उद्याही टाकेल. एके दिवशी तोच तिची मान मुरगळतो. (हशा) आमच्या मुलीची अवस्था त्या कोंबडीसारखी झाली. पण तिचं अनुमान मूर्खपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. हातात असलेल्या पुराव्यावर ते रास्त होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वाचकांची मतं वाचताना आपण ती एकाच ढिगात टाकतो: चांगली आणि वाईट, इतके तारे, तितके तारे. मला वाटतं, नाराजीचे निदान तीन प्रकार वेगळे करायला हवेत.

पहिला: "मला वेगळं हवं होतं." ही इच्छा आहे. प्रामाणिक आहे, पण तिच्यामुळे लेखकावर कोणतंही बंधन येत नाही. मला बासुंदी हवी होती आणि खीर मिळाली, म्हणून खीर बिघडली असं होत नाही.

दुसरा: "तुम्ही मला आशा लावली होती." हा वचनभंगाचा आरोप आहे. इथे विचारायचं, वचन खरोखर दिलं होतं का? की दोन पुस्तकांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत वाचकानं स्वतःच गोष्ट पुढे लिहिली आणि तिच्यावर लेखिकेची सही आहे असं धरून चालला? मालिकेचा वाचक हे करतोच. त्याशिवाय तो पुढच्या पुस्तकापर्यंत टिकणार नाही.

तिसरा: "हा माणूस असं वागणार नाही." हा आरोप सगळ्यात गंभीर, कारण तो वाचकाच्या मनाबद्दल बोलत नाही, कलाकृतीबद्दल बोलतो. ॲरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्रा'त सांगितलंय की स्वभावचित्रणातही घटनांप्रमाणेच संभाव्यता किंवा अपरिहार्यता हवी. पात्र विसंगत दाखवायचं असेल तर ते सुसंगतपणे विसंगत असावं. आपल्याकडे आनंदवर्धनानं रसभंगाचं मूळ अनौचित्यात पाहिलं, आणि क्षेमेंद्रानं औचित्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे जेव्हा एखादी वाचक म्हणते, "डेकर असं करणार नाही," तेव्हा ती नकळत या परंपरेत उभी असते.

इथे लष्करी पार्श्वभूमीचं एक वेगळेपण सांगायला हवं. या कादंबऱ्यांचा नैतिक कणा कोणता? दिलेला शब्द पाळायचा, आणि आपल्या माणसाला मागे टाकून जायचं नाही. तेरा पुस्तकं वाचक या मूल्यांच्या हवेत राहिलेला असतो. साहजिकच तो तोच नियम लेखिकेला लावतो: पथकप्रमुख आपल्या माणसाला मागे सोडत नाही, मग तू आमच्या जोडीला कसं सोडलंस? तो राग पुस्तकानंच शिकवलेला आहे. म्हणून मला तो तुच्छ वाटत नाही.

मग निकाल काय? मी दोन्ही बाजूंनी वाचून माझं मत बनवलं आहे, तुम्ही खोडून काढू शकता. सोफिया आणि डेव्हच्या बाबतीत सौभाग्यवतींचा मुद्दा मला पटला. त्या म्हणाल्या, "डेकरनं पाच वर्षं स्वतःच्या अपराधाचा विचार केला. सोफियाला काय हवंय, हे एकदा तरी विचारलं का? डेव्ह विचारत होता." पुस्तकं उघडून बघा, पुरावा तिथेच पडलेला आहे. ज्या नात्याची सुरुवात भीतीत झाली ते नातं प्रेमातच संपलं पाहिजे, हा हट्ट आपला. लेखिकेनं तो नाकारला, यात मला प्रामाणिकपणा दिसतो.

पण ट्रेसीच्या बाबतीत मी मुलीच्या बाजूचा. ट्रेसी 2006 सालच्या 'इंटू द स्टॉर्म'मध्ये येते, आणि बराच काळ ती धांदरट, थोडी हास्यास्पद अशीच दिसते. डेकरसारखा माणूस तिच्याकडे वळतो हे अशक्य नाही. पण ते पटवायला जो वेळ हवा तो फारसा दिला नाही, बहुतेक भार एकाच पुस्तकावर पडला. सात पुस्तकं न बोललेला माणूस एका पुस्तकात उलगडायचा, तर वाचकाला धाप लागणारच. म्हणजे त्याच पुस्तकावरच्या एका तक्रारीला आधार नाही, दुसरीला आहे. तारे मोजून हे कधी कळलं नसतं.

एक जुनी गोष्ट कबूल करतो. नोकरीत असताना एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिला लोकप्रिय प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकांवर प्रबंध लिहायचा होता. मी तिला म्हणालो, "आधी ॲरिस्टॉटल वाच, मग बोलू." ती परत आली नाही. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. आज वाटतं, ॲरिस्टॉटल तिच्याआधी मीच नीट वाचायला हवा होता, कारण तो प्रेक्षकांच्या पसंतीची दखल घेतो, तिच्याशी वाद घालतो. आणि जॅनिस रॅडवे यांनी 1984 सालीच 'रीडिंग द रोमान्स'मध्ये हे काम करून दाखवलं होतं. अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या वाचक स्त्रियांना त्यांनी सरळ जाऊन विचारलं, तुम्ही का वाचता, कोणतं पुस्तक वाईट आणि का? त्या स्त्रियांकडे स्पष्ट निकष होते. घरकामातून स्वतःसाठी काढलेला वेळ म्हणून त्या वाचनाकडे बघत होत्या. असा वेळ वाया गेला तर राग येणार नाही?

शेवटी एक प्रश्न आला आहे चिठ्ठीवर: "मग लेखकानं वाचकांचं ऐकावं का?" ॲरिस्टॉटल म्हणतो, प्रेक्षकांच्या दुबळेपणाला वश होऊन कवी त्यांच्या इच्छेप्रमाणे शेवट करतात, आणि त्याला ते आवडत नाही. दुसरीकडे कॉनन डॉइलनं 1893 साली होम्सला संपवलं आणि 1903 साली परत आणलं. त्या परतीबद्दल आपण सगळे कृतज्ञच आहोत. माझं उत्तर असं: पहिल्या प्रकारची तक्रार लेखकानं ऐकून सोडून द्यावी, दुसरीवर विचार करावा, आणि तिसरीला उत्तर द्यावं, तेही पत्र लिहून नव्हे, पुढच्या पुस्तकात.

आणि आपण? पुढच्या वेळी घरात कोणी पुस्तक आपटलं, तर "गोष्टच तर आहे" म्हणू नका. कोणत्या पानावर राग आला, ते विचारा. मी हल्ली विचारतो. रविवारचे फोन आता आणखी लांबले आहेत.

पुढच्या महिन्यात वचन या संकल्पनेवरच बोलू, कांटपासून सुरुवात करून.